व्हर्नूझच्या पाटीपाशी शेवटचा

आमच्या व्हर्नूझ गावात सायकलवाल्यांचा एक क्लब आहे. माणसं सहा. त्यांच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायचे जे ठोकळे असतात, त्यांनी गेल्या बावीस वर्षांत माझ्या कॅफेच्या फरशीची काय दशा केलीय ती एकदा येऊन पाहावी. मला सायकलींचा राग आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं ते प्रेमापोटी केलं असा कुणाचा गैरसमज नको.

क्लबात सगळ्यांत वयस्क आँसेल्म रोबिशों. वय सत्त्याहत्तर. सदतीस वर्षं सरकारी जंगलात नोकरी. कोणता ओक तोडायचा हे ठरवायचं, त्याची बोटभर साल उडवायची आणि तिथे हातोड्याने शिक्का उठवायचा, हे त्याचं काम. दोनशे वर्षांचं झाड याच्या एका ठोक्याने जायचं, त्यामुळे चूक करायची सोय नव्हती. ती सवय अंगात मुरली. जंगलातल्या रिकाम्या चौकात, जिथे दिवसाला दोन गाड्या आणि एक रानडुक्कर येतं, तिथेसुद्धा ‘थांबा’ लिहिलंय म्हणून हा पाय टेकून थांबतो. मागचे पाच जण एकमेकांवर आदळता आदळता वाचतात आणि त्याला शिव्या घालतात. हा डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, आणि मग निघतो.

दर रविवारी आठला ही मंडळी निघतात, ओकांच्या जंगलातून साठेक किलोमीटर फिरतात आणि अकराच्या सुमारास सरळसोट रस्त्याने गावाकडे येतात. शेवटच्या वळणावरून गावाच्या नावाची पाटी दिसली की सगळे जिवाच्या आकांताने पेडल मारतात. पाटीपाशी पहिला येणाऱ्याला काही मिळत नाही. नंतर माझ्याकडे बसून पांढरी वाइन पिताना तो जरा जास्त बोलतो, एवढंच. हे सगळीकडे असंच चालतं म्हणे, त्यामुळे आमचीच माणसं खुळी आहेत असं मला म्हणता येत नाही.

तर सात वर्षांपूर्वी आँसेल्मने माझ्या काउंटरवर हात ठेवून सांगितलं होतं, की ज्या रविवारी मी पाटीपाशी शेवटचा पोचेन, त्या दिवशी सायकल खिळ्याला टांगीन. लोकांना फाट्यावर आपली वाट बघत उभं करणारा म्हातारा व्हायचं त्याला नव्हतं. तेव्हा तो पहिल्या तिघांत असायचा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण आमच्याकडे काउंटरवर बोललेला शब्द वकिलाकडच्या कागदापेक्षा पक्का धरतात.

मग वय झालं. चार वर्षांपूर्वी तो मागे पडायला लागला. त्याच्या मागे सहावं कुणीतरी असायला हवं होतं, म्हणून बाकीच्यांनी पाळ्या लावल्या. तो जेवायला घरी गेला की इथेच बसून ठरायचं. एका रविवारी छपरं शाकारणाऱ्या रेजिसची साखळी निसटायची, दुसऱ्या रविवारी शाळेतून निवृत्त झालेल्या जिल्बेर्तबाईंच्या डोळ्यात चिलट जायचं. डिसेंबरच्या कडाक्यातसुद्धा त्यांच्या डोळ्यात चिलट गेलेलं आहे. आँसेल्मने कधी चौकशी केली नाही.

पुढे एका हिवाळ्यात शेतकरी सरकारवर भडकले आणि त्यांनी गावोगावच्या पाट्या काढून उलट्या बसवल्या. आमचीही बसवली. आँसेल्मने खाली उतरून पाटी नीट पाहिली आणि निर्णय दिला, की उलटी पाटी म्हणजे पाटी नव्हे, शर्यत बंद. चार महिने सगळे गप्पा मारत निवांत गावात शिरायचे. त्या चार महिन्यांत पाळ्या विसरल्या गेल्या.

मार्चमध्ये रस्तेवाल्यांनी पाटी सुलटी केली, धुऊनपुसून. त्या रविवारी मंडळी वळणावरून आली आणि समोर व्हर्नूझ, लाल किनारीत, सरळ. पाळी रेजिसची होती. पण रेजिस काय करणार? पाटी दिसली की सायकलवाल्याचे पाय त्याला विचारत नाहीत. पाचही जण सुसाट सुटले. जिल्बेर्तबाई पहिल्या आल्या. आनंदाने दोन्ही हात सोडून त्यांनी मागे पाहिलं, तेव्हा आँसेल्म पाटीपासून अजून पन्नास मीटर मागे होता.

तो आला, वाइन घेतली, सगळ्यांशी हात मिळवला. रेजिस म्हणाला, पाटी नवीनच बसलीय, आजचं धरायचं नाही. आँसेल्म म्हणाला, “पाटी सरळ होती.” माझ्याकडचा बटाट्याचा पॅटिस त्याने अर्धा टाकला. तो मी बावीस वर्षं दर रविवारी करते, अर्धा कधी कुणी टाकलेला नाही. मग घरी जाऊन त्याने गोठ्यात खिळा ठोकला.

तीन आठवड्यांनी त्याची बायको इर्मा माझ्याकडे आली. ती कॅफेत बसणाऱ्यांतली नाही, तरी बसली. म्हणाली, हा घरभर फिरतो आणि खडूने खुणा करतो. नासपतीच्या झाडावर केली, कपाटावर केली, माझ्या आईच्या घड्याळावर केली. काय काढायचं ते ठरवतोय म्हणे. मी म्हटलं, तुझ्यावर केली नाही ना अजून? ती हसली नाही.

“ह्युगेट, सायकल टांगलीय तशीच आहे,” ती म्हणाली. “पण रोज सकाळी गोठ्यात जातो आणि तिच्या चाकांत हवा भरतो. रोज. मला दाराआडून आवाज येतो.”

मला वाईट वाटलं. वाटलं ते वाटलं, लपवण्यात अर्थ नाही. तिला कॉफी दिली आणि कॅफे उघडा टाकून समोर मेयरबाईंच्या कचेरीत गेले.

आमच्या मेयर मारीव्होन तोपँ यांना फर्मानं काढायची हौस आहे. मागे गोठलेल्या दंवाने आलुबुखारचा मोहर जळायला लागला, तेव्हा त्यांनी गावाच्या हद्दीत एप्रिलमध्ये दंव पडायला बंदी केली होती. दंव पडलंच. पण गावाची बाजू कागदावर आली, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सगळं सांगितलं. रेजिसने हातापाया पडून पाहिलं होतं, जिल्बेर्तबाईंनी तर पाळ्यांची कबुलीही दिली होती, पण तो ऐकत नाही, कारण शब्द म्हणजे शब्द. त्याच्या शब्दाहून मोठं त्याला जगात एकच आहे, सरकारी शिक्का. मेयरबाईंनी चष्मा लावला आणि टाइप करायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर फर्मान लागलं. कलम एक: व्हर्नूझच्या पाटीपाशी रविवारी सायकलवरून शेवटचं पोचण्यास सर्वांना मनाई आहे. कलम दोन: यापूर्वी कुणी शेवटचं पोचलं असल्यास ते पोचणं रद्द समजावं. कलम तीन: अंमलबजावणीवर देखरेख ह्युगेट बार्जों, कॅफेचालक, यांनी करावी. तिसरं कलम मला विचारून घातलेलं नव्हतं.

आँसेल्म आला. फलकासमोर बराच वेळ उभा राहिला. मग कचेरीत जाऊन त्याने सांगितलं, की फर्मानाला क्रमांक नाही आणि तारीख चुकलीय. मेयरबाईंनी क्रमांक घातला, तारीख सुधारली, शिक्का पुन्हा मारला. त्याने शिक्क्यावरून अंगठा फिरवला, ओल्या शाईने काळा झालेला अंगठा पाहिला आणि घरी गेला. इर्माने संध्याकाळी फोन करून सांगितलं, खिळा रिकामा आहे.

त्या रविवारी मी अकरा वाजता कॅफे बंद केला. रविवारी अकराला मी माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बंद केला नव्हता. पाटीपाशी जाऊन उभी राहिले. सूर्य पाठीशी होता आणि माझे गुडघे दुखत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे ओक नुकते फुटायला लागले होते, त्यामुळे वळणापर्यंत सगळं स्पष्ट दिसत होतं.

वळणावरून ते सहा जण आले. कायद्याने कुणालाच शेवटचं येता येत नव्हतं, म्हणून सगळे एका रांगेत, आख्खा रस्ता अडवून. मागे पाववाल्याची गाडी भोंगा वाजवत होती, पण तिला कुणी जागा देईना. रेजिस ब्रेक दाबून दाबून लाल झाला होता. जिल्बेर्तबाई शाळेच्या कवायतीसारखं “एक दोन, एक दोन” म्हणत होत्या. मधोमध आँसेल्म, हँडलवर पार वाकलेला, आणि पेडल मारताना त्याचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. तो मनापासून मारत होता.

पाटी ओलांडली तेव्हा पाच चाकं एका रेषेत होती. सहावं वीतभर मागे होतं. मी ते माझ्या या डोळ्यांनी पाहिलं.

पाववाला शिव्या देत निघून गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आँसेल्म सायकल वळवून माझ्यापाशी आला. सदतीस वर्षं नुसत्या नजरेने खोडाची सरळ रेषा मोजलेला माणूस आहे तो. त्याला मी काय सांगणार होते?

“ह्युगेटबाई,” तो धापा टाकत म्हणाला, “देखरेख तुमची. सांगा.”

“सगळे एका रेषेत,” मी म्हटलं. आयुष्यात मी कुणाला पाणी घातलेली दारू विकलेली नाही की शिळा पाव वाढलेला नाही. पण भर रस्त्यात, सरकारी काम करताना, धडधडीत खोटं बोलले.

त्याने पाटीकडे पाहिलं, मग माझ्या पायांखालच्या जागेकडे, मग रस्त्याच्या पलीकडे.

“पुढच्या रविवारी येणार ना तुम्ही?”

“तिसरं कलम आहे. यावंच लागेल.”

“मग त्या बाजूला उभ्या राहा,” आँसेल्म म्हणाला. “तिथे डोळ्यांवर ऊन येतं.”