पेवातली ज्वारी

ही गोष्ट टंचाईच्या वर्षातली. मी तेव्हा संग्रामपूरकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. शेजारी देशाशी लढाई झाली म्हणून आपल्याला गहू पुरवणाऱ्या मोठ्या देशानं हात आखडता घेतला होता. त्यात पाऊसही रुसलेला. रेशन दुकानदार रोज एकच सांगायचा, "बोट आली का भेटन." समुद्र कधी न पाहिलेली माणसं बोटीची वाट पाहत रांगेत बसायची. भांडणं व्हायची, आणि माझे शिपाई तिथंच अडकून पडायचे.

अशात खबर आली की एका बड्या शेतकऱ्यानं पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, ज्वारी दडवली आहे. साठेबाजीचा गुन्हा. तहसीलची जीप मागून घेतली, पंच घेतले आणि छापा घातला. मालक म्हणाला, पेव आजोबांच्या काळीच बुजवलं. मी खोदून खोदून विचारलं. तो शपथा घेत होता आणि घाम पुसत होता. छाप्यात घाम सगळ्यांनाच फुटतो, त्यावरून काही ठरवू नये.

माझं लक्ष गेलं त्याच्याकडे सालभराच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराच्या बायकोकडे. पोलीस आले की लोक पोलिसांकडे बघतात. ही बाई कडब्याच्या गंजीकडे बघत होती. नवरा कुठे म्हणून विचारलं, तर गावाला गेला म्हणाली. पण त्याच्या वहाणा गंजीपाशी पडल्या होत्या. एवढ्या उन्हात अनवाणी कोण गावाला जातं? तुम्हाला कोणी धरणार नाही, असं मी तिला समजावलं.

"जवारी सारी घेऊन जा साहेब," ती म्हणाली. "माह्या घरधन्याले वर काढा. थे खाली हायेत."

सालदार आत ज्वारी भरत असताना जीपची धूळ दिसली, आणि मालकानं पेवाच्या तोंडावर फरशी सरकवून वर कडबा लोटला होता. नवरा तुरुंगात जाईल, मालकानं कबूल केलेली पायलीभर ज्वारीही जाईल, या भीतीनं बाई गप्प राहिली होती.

आम्ही कडबा उपसला. दोरानं कंदील खाली सोडला, तो विझला. पेवातली कोंडलेली हवा माणूस मारते, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. घोंगड्या हलवून हवा बदलेपर्यंत कुणाला उतरू देता येईना. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बाई काठावरून नुसतं "अवो, अवो" करत होती. शेवटी जमादार कमरेला दोर बांधून उतरला. सालदाराला वर आणलं तेव्हा तो गेलेला होता.

मालकाला शिक्षा झाली. त्यानंतर कुठंही छाप्याला गेलो की मी आधी माणसं मोजायला लावायचो, माल नंतर. गहू अडवणाऱ्या त्या दूरच्या देशाला दिल्लीला नमवायचं होतं. दिल्लीतल्या साहेबांच्या ताटात पोळी होतीच. असल्या ओढाताणीत मरतो तो ज्याला भांडण कशाचं हेही माहीत नसतं, आणि याचा मला आजही संताप येतो.

जप्त ज्वारी तहसीलदारांनी रेशन दुकानातून वाटली. ती बाईही रांगेत उभी होती. तिनं तीच ज्वारी पदरात घेतली आणि घरी जाऊन दळली. खायला दुसरं काहीच नव्हतं.