इस्त्रीआजी बोलत राहिली

बोगदे खणणाऱ्या कंपनीच्या धुलाईघरात तिने एकतीस वर्षं काढली, म्हणून सगळे तिला इस्त्रीआजी म्हणत. खाली उतरणाऱ्या माणसांचे मातीने माखलेले कपडे धुवायचे, वाळवायचे, कडक इस्त्री करून प्रत्येकाच्या नंबराच्या खणात ठेवायचे, हे तिचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कुणाच्या शर्टाची कॉलर वाकडी दिसली की तिचा हात आपसूक पुढे जाई. मग तो माणूस मोठा साहेब का असेना.

कंपनीच्या आवाराला लागून दोन खोल्या होत्या, त्यात ती आणि तिचा नातू राहायचे. नातवाला ती टिल्लू म्हणायची. लहानपणी तो होताही टिल्लू. पुढे सहा फूट वाढला आणि दारातून वाकून यायला लागला, पण नाव काही सुटलं नाही. तो बोगद्यात छताला आधार लावणाऱ्या टोळीत होता.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला कंपनीचा भोंगा झाला. भोंग्याची वेळ नव्हती. आजी खिडकीशी बसून टिल्लूच्या शर्टाला बटण लावत होती. ती सुई कापडात तशीच ठेवून उठली आणि अनवाणीच निघाली. एवढ्या वर्षांत अवेळी भोंगा तिने तीनदा ऐकला होता. त्याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता.

बोगद्याच्या तोंडाशी आधीच गर्दी झाली होती. आत बरंच लांब छत कोसळलं होतं आणि ढिगाऱ्यापलीकडे तिघं अडकले होते: एक मुकादम, एक वायरमन आणि टिल्लू. दुपारपर्यंत ढिगाऱ्यातून मनगटाएवढी नळी पलीकडे पोचली. तिच्यातून हवा गेली, पाणी गेलं, आणि मग एक वायर आणि बोलायचा-ऐकायचा छोटासा स्पीकर गेला. आतल्या वायरमनने अंधारात चाचपडत तो जोडला. पहिला आवाज आला तो त्याचाच. तिघंही जिवंत होते. मुकादमाचा खांदा निखळला होता. टिल्लूचा पाय मांडीपर्यंत दगडाखाली होता.

मोठे साहेब आजीला शोधत आले. बाकी दोघांच्या घरची माणसं दूरगावी, त्यांना यायला दोन दिवस लागणार होते. साहेब म्हणाले, "आजी, आम्हाला खणायला वेळ लागेल. तोवर आतली माणसं जागी राहायला हवीत, त्यांचं मन थाऱ्यावर राहायला हवं. बोलाल का?"

तिला एका पत्र्याच्या खोलीत नेलं. टेबल, खुर्ची आणि एक रिसीव्हर. तिने तो कानाला लावला.

"टिल्लू?"

"आजी, चप्पल घालून आलीस का?"

तिने पायांकडे पाहिलं. "घातलीय."

"खोटं बोलतेस. आजी, काहीतरी बोल ना. इथे फार शांत आहे. मुकादम देवाला हाका मारतात नाहीतर मला झोपू नको म्हणून ओरडतात. मला दोन्हींचा कंटाळा आलाय."

आजीला रडू फुटत होतं. ते तिने गिळलं आणि जे तोंडाला आलं ते बोलायला लागली.

तिने सासऱ्यांपासून सुरुवात केली. टिल्लूचे पणजोबा विहिरी खणायचे. दिवसभर जमिनीच्या पोटात राहिलेला माणूस, घरी आला की त्याला बंद दार सोसायचं नाही. भर थंडीतही घराचं दार सताड उघडं. सगळं घर टोप्या-मोजे घालून झोपायचं. "एकदा सासूबाईंना वाटलं, मामंजी फारच अंगाशी आलेत. झोपेतच म्हणाल्या, जरा सरका आणि ते घोरणं बंद करा. सकाळी बघतात तर गल्लीतलं कुत्रं! मामंजी गेले होते पहाटेच कामाला."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. तिघांचाही. मग टिल्लू कण्हला, कारण हसताना पाय दुखावला.

मग आजोबा. ते दगड फोडायच्या मशीनवर होते, त्यात त्यांचा एक कान गेला. पण ऐकू येत नाही हे ते कबूल करायचे नाहीत. "एकदा घरी पाहुणे आलेले. मी आत बोलावून हळूच विचारलं, किती दिवस राहणार हे? तर मोठ्याने म्हणाले, धुऊन उन्हात टाक, वास जाईल. पाहुणे दुसऱ्याच दिवशी गेले." धुलाईघरात सगळ्यांचे खिसे तपासणं तिचं काम होतं, आणि आजोबांच्या खिशात दर शनिवारी एक चकाकणारा खडा सापडायचा. आत खणताना मिळालेला, तिच्यासाठी वेगळा ठेवलेला. दोघांनी त्याविषयी कधी अवाक्षर काढलं नाही. "मी विचारायची नाही आणि ते सांगायचे नाहीत. चौदा वर्षं."

"मला हे कधी सांगितलं नाहीस," टिल्लू म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

असा पहिला दिवस गेला. बुधवारी खणण्याच्या मशीनचं पातं तुटलं. दुसरं यायला वेळ होता. साहेब आजीच्या नजरेला नजर देत नव्हते. टिल्लूचा आवाज खोल गेला होता, वाक्यं अर्ध्यावर तुटत होती. आजी बोलत होती, कारण ती थांबली की त्या नळीतून त्याचा श्वास ऐकू येई आणि तो तिला ऐकवत नसे.

तिने त्याच्या बापाची गोष्ट सांगितली. अठरा वर्षांचा असताना तो पहिल्यांदा बोगद्यात उतरला आणि अकरा मिनिटांत बाहेर आला. डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून चालत घरी आला आणि म्हणाला, आई, मला वरचं काम बघ. मग तो रंगारी झाला, उंच भिंतींवर चढून शीळ घालत रंग द्यायचा. "तू झालास, तुझी आई बाळंतपणातच गेली, आणि हा वेडा आठ दिवस कुणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी शिडी लावून खोलीचं छत निळं करायला लागला. ढगसुद्धा काढले. म्हणाला, पोर उताणं पडलेलं असतं, त्याला बघायला काहीतरी हवं. एका कोपऱ्यात रंग संपला, तो तसाच राहिला. तू नेमका त्याच कोपऱ्याकडे बघत बसायचास."

"हूं," टिल्लू म्हणाला.

गुरुवारी फक्त हूं येत राहिलं. वायरमनने सांगितलं, धुळीने त्याचा घसा बसलाय, बोलवत नाही, पण ऐकतोय सगळं. तिच्याकडच्या हसायच्या गोष्टी संपत आल्या होत्या. जी एक उरली होती ती हसायची नव्हती. ती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

दुपारी तिने खोलीतल्या माणसाला बाहेर जायला सांगितलं आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"टिल्लू, ऐक. तुझा बाप शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं. पोराला जमिनीखाली पाठवू नकोस म्हणाला. मी दिलं. मग तू शाळा सोडून दोन वर्षं घरी बसलास, दुपारपर्यंत लोळायचास, माझा जीव टांगणीला लागायचा. तेव्हा मी इस्त्रीचे कपडे घेऊन साहेबांच्या दारात गेले आणि तुझ्यासाठी हात जोडले. तुला सांगितलं की आजोबांचं नाव काढून कंपनीनेच पत्र पाठवून बोलावलंय. तू केवढा खूश झाला होतास. ते पत्र उशीखाली ठेवायचास. कंपनीला तुझ्या आजोबांचं नावही आठवत नव्हतं रे. मीच तुला तिथे धाडलं."

पलीकडून अगदी हळू, घोगरा आवाज आला.

"असू दे."

आजीने टेबलावर डोकं टेकलं आणि ती इतक्या वेळात पहिल्यांदा रडली. नंतर तिने चहा घेतला, दोन घास खाल्ले आणि पुन्हा बोलायला बसली.

शुक्रवारी नवं पातं आलं. जमीन हादरायला लागली. साहेब म्हणाले, अजून एक दिवस. आजी पुन्हा जुन्याच गोष्टी सांगत होती, तिचा आवाज फाटला होता, मध्येच ठसका लागला. तेव्हा पलीकडून तो हळू, घोगरा आवाज म्हणाला, "थोडं थांबा आजी. तुम्ही दमला असाल."

आजी थांबली.

टिल्लूने तिला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. रागात नाही, थट्टेत नाही.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

तिने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"वायरमन, तूच आहेस ना? तो कधी गेला?"

खणण्याची घरघर तेवढी येत होती. मग वायरमन आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला, "बुधवारी. तुम्ही निळ्या छताचं सांगत होतात तेव्हा. शेवटचं हूं त्याचंच होतं."

"मग काल?"

"आजी, मुकादम म्हणाले, तिला सांगू नकोस, तिचा आवाज बंद झाला तर मला वेड लागेल. आणि मलाही... इथे दुसरं काहीच नाही हो."

आजीने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि बाहेर आली. समोर धुलाईघर होतं, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. ती त्या दोऱ्यांखाली जमिनीवर बसली. कुणीतरी पाणी आणलं, ते तिने हाताने दूर केलं. तिला त्या दोघांचा भयंकर राग आला. ते श्वास घेत होते आणि तिचा टिल्लू नव्हता, आणि दोन दिवस ती त्यांना आपलं घरदार वाटत बसली होती. खणणं थांबावं, डोंगर बसावा, आपणही त्याखाली जावं, असं तिच्या मनात आलं. आपण असा विचार केला, हे तिने पुढे कधी लपवलं नाही.

तासाभराने साहेब आले. "आजी, मुकादम आतून सारखे तुम्हाला हाक मारताहेत. तोंडाला लावायला आत सोडलेली हवेची पातळ नळी काढून टाकताहेत म्हणे. वायरमनला एकट्याला आवरत नाहीत."

"माझा नातू गेलाय," आजी म्हणाली.

साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. ते तिच्याशेजारी मातीतच बसले. त्यांच्या शर्टाची कॉलर आत दुमडलेली होती. आजीला ती दिसली, पण हात पुढे गेला नाही.

बऱ्याच वेळाने ती उठली. का उठली ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. पत्र्याच्या खोलीत जाऊन तिने रिसीव्हर उचलला.

"त्याच्या अंगावर काही घातलंय का?"

"माझा कोट," वायरमन म्हणाला. "तोंड पुसलंय. डोळे मिटलेत मी."

"मुकादमाला नळी लावायला सांग. म्हणावं, लावल्याशिवाय मी बोलणार नाही."

पलीकडे झटापट झाली, मग वायरमन म्हणाला, "लावली."

आणि ती बोलायला लागली. टिल्लू चार वर्षांचा असताना धुलाईघरातल्या टोपलीत झोपला आणि कपड्यांबरोबर गाडीत भरला गेला, ते सांगितलं. त्याला शोधता शोधता त्याचा बाप शिडीवरून उतरून रंगाचा डबा तसाच घेऊन धावला आणि रस्ताभर हिरवी रेघ ओढत गेला, ते सांगितलं. गोष्टी हसायच्या होत्या. कुणीच हसलं नाही. ती मुकादमाला मध्येच विचारी, ऐकताय का, आणि तो हुंकार भरी. शनिवारी दुपारी पातं पलीकडे पोचेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

मुकादमाला स्ट्रेचरवर काढलं. वायरमन चालत आला, उजेडाने डोळे झाकून. टिल्लूला सगळ्यात शेवटी आणलं. आजीने कोट बाजूला करून त्याच्या शर्टाची बटणं नीट लावली. एक तुटलं होतं.

मुकादम बरा झाला आणि आपल्या गावी निघून गेला. त्याने एकदा पत्र पाठवलं, ते आजीने उघडलं नाही. वायरमन मात्र येऊ लागला. दर रविवारी यायचा, दारात चपला काढून उभा राहायचा. पहिले दोन रविवार आजीने त्याला आत घेतलं नाही. तिसऱ्या रविवारी दार उघडं ठेवलं आणि स्वतः पाठ करून बसली. स्वयंपाकखोलीतलं दिव्याचं लोंबकळणारं बटण त्याने नीट बसवलं आणि गेला. त्याने बोगद्याचं काम सोडलं होतं.

असे दीडेक महिने गेले. एका दुपारी आजीने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, "असू दे, असं तू का म्हणालास?"

"मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही इतक्या कळवळून बोलत होतात."

"ते तू म्हणालास. टिल्लूने काय उत्तर दिलं असतं, ते मला आता कधीच कळणार नाही."

वायरमनने पेला एका घोटात संपवला.

"माझ्या गोष्टी संपल्या," आजी म्हणाली. "आता तू सांग. मंगळवारपासून बुधवारपर्यंत तो तुझ्याजवळ होता. स्पीकर बंद असायचा तेव्हा काय बोलायचा, काय मागायचा, सगळं सांग. चांगलं करून सांगू नकोस."

वायरमनने सांगितलं. पाय दुखायचा तेव्हा तो स्वतःची मूठ चावायचा, म्हणजे आवाज नळीतून वर जाऊ नये. पाहुण्यांची गोष्ट त्याने मुकादमाला पुन्हा सांगायला लावली होती. त्याला तहान फार लागायची. बुधवारी सकाळी त्याला वाटलं आपण घरीच आहोत आणि वर निळं छत आहे.

आजी ऐकत होती. दोनदा तिने मागचं पुन्हा सांगायला लावलं. मग तिने पदर तोंडाशी धरला. "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

वायरमनने तिच्याकडे पाहिलं. बोलायला सोपं उत्तर त्याच्या जिभेवर आलेलं तिला दिसलं.

"नाही," तो म्हणाला. "तसं काही म्हणाला नाही."

आजीने मान हलवली. त्याच्या तोंडचं हे पहिलं वाक्य होतं, ज्यावर तिचा विश्वास बसला. तिने त्याच्या समोरचा पेला उचलून पुन्हा भरला आणि म्हणाली, "परत पहिल्यापासून सांग. मंगळवारी सकाळी तो कामावर आला तिथून."