ॲव्हरेज किती देते?

माझ्या मोठ्या भावाचं अकोल्यात गॅरेज आहे. तिथे टायरच्या ढिगामागे त्याची एक वही असायची आणि तिच्यात दोनच गाड्या: इटलीची लाल आणि इंग्लंडची हिरवी, दोन्ही साठेक वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कार. रद्दीतल्या मासिकांतून त्याने सगळी माहिती उतरवून घेतली होती. लालला बारा सिलिंडर, हिरवीला सहा. लालचं इंजिन फिरवाल तितकं चढणारं, हिरवीचं खालच्या वेगातही दमदार ओढणारं. मी लालच्या बाजूची, तो हिरवीच्या. "बारा सिलिंडर म्हंजे बारा प्लग. साफ कोन करन, तुहा बाप?" असं म्हणून तो मला गप्प करायचा. मग बाप दोघांचा एकच, हे लक्षात येऊन आम्ही हसत सुटायचो. इंजिन मला कॉलेजने नाही, या भांडणांनी शिकवलं. आज मी पुण्यात कार कंपनीत इंजिनिअर आहे ती त्याच्यामुळे.

मागच्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांची एक रॅली अमरावतीला थांबणार होती, त्यात या दोन्ही होत्या. मीच त्याला बोलावलं. तो नवा शर्ट घालून आला, नखांतलं ग्रीस मात्र निघालं नव्हतं. अर्धा तास नुसता हिरवीभोवती फिरला. बोनेट उघडंच होतं. तिचे तीन कार्बोरेटर त्याने हात मागे बांधून पाहिले. मग मालकाजवळ जाऊन अदबीने म्हणाला, "सायेब, ॲव्हरेज किती देते?"

मालक हसला. आजूबाजूचे हसले. एकाने त्याची नक्कल केली. आणि मीही हसले. वर त्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "अरे दादा, अशा गाड्यांना हे विचारायचं नसतं."

आमच्याकडे हा प्रश्न पेट्रोलचा नसतोच. दारात कोणी गाडी लावली की पाण्याचा तांब्या येण्याआधी हा यायचा. गाडी आवडली, बसा, बोलू, एवढाच त्याचा अर्थ. मालकाला तो ठाऊक नव्हता. मला होता, तरी मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले, याचा मला अजून संताप येतो.

बसस्टँडवर तो म्हणाला, "ते हासले तं हासले. तू काहून हासली?"

मी म्हणाले, "असंच."

यंदा दिवाळीला मी नवी कार घेऊन थेट गॅरेजपुढे थांबले. तो एका म्हाताऱ्याची मोपेड पाहत होता. "काका, ॲव्हरेज किती देते?" विचारत होता. मग माझ्याकडे आला. बोनेट उघडलं, तेल पाहिलं, टायर दाबून पाहिले. मी चावी घट्ट धरून उभी होते.

हात पुसत तो म्हणाला, "चांगली हाये. चहा घेतं का?"

पुण्यात टाकी फुल्ल करून निघाले होते. अकोल्याच्या पंपावर पुन्हा भरून हिशेब केला होता. एकवीस. त्याने विचारलं की सांगायचं म्हणून.

मी म्हणाले, "घेते."