ज्वारीतल्या कॅसेटी

माझ्याकडे चौसष्ट कॅसेटी होत्या. कंपनीच्या तयार अशा फार थोड्या, बाकी सगळ्या भरून घेतलेल्या. अकोल्याला डी.एड. करत होते तेव्हा टिळक रोडच्या मागच्या गल्लीत एका चाचांचं लहानसं दुकान होतं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी त्यांना नेऊन द्यायची, आणि चार दिवसांत ते आपल्याकडच्या तबकड्यांवरून ती गाणी उतरवून ठेवायचे. यादी माझी असली तरी क्रम त्यांचा. हे गाणं त्याच्या पाठीमागे चालत नाही, असं म्हणून ते गाणी मागेपुढे करत. एखादं गाळून त्याच्या जागी मी कधी न ऐकलेलं घालत. पुठ्ठ्याच्या कव्हरवर उजवीकडे कललेल्या बारीक अक्षरात नावं लिहून देत. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाची ती देवनागरी. ऱ्हस्वाचं दीर्घ हमखास व्हायचं.

पुढे अकोल्यातच मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि लग्न होऊन घर अमरावतीला झालं. आठवडाभर अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी दुपारी शाळा सुटली की मूर्तिजापूरवरून एसटीनं घरी, सोमवारी पहाटे परत. दोन्हीकडे चहाची भांडी, दोन्हीकडे चपला, आणि मी मात्र नेमकी कुठलीच नाही. कॅसेटी अमरावतीला, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असत. रविवारी सकाळी न्हाऊन झालं की मी टेपपाशी बसायचे. एक कॅसेट लावायची, दोन्ही बाजू पुऱ्या ऐकायच्या, तोवर उठायचं नाही. आठवड्यात तेवढाच तास मी एका जागी असायचे.

नवऱ्याचं तहसीलजवळ झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान. ती सगळी वर्षं अर्जांचीच होती. आज पॅकेज, उद्या अनुदान, परवा पंचनाम्याची यादी. सकाळी शटर वर जायच्या आधीच पायरीवर सातबारा घेऊन माणसं बसलेली. तो घरी यायचा तेव्हा त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. दिवसभर लोकांची नावं, गट क्रमांक आणि आडनावातल्या चुका. म्हणून त्या भाद्रपदात एका शनिवारी मी घरी पोचल्या पोचल्या, हातपाय धुवायच्या आत, त्यानं मला हाताला धरून कॉम्प्युटरपुढे बसवलं तेव्हा मला नवलच वाटलं.

पडद्यावर एक ते चौसष्ट असे कप्पे केलेले होते. प्रत्येक कॅसेटीचा एक. आत ए बाजू, बी बाजू. प्रत्येक बाजूत गाणी चाचांच्या क्रमानं लावलेली. दोन महिने तो दुकान बंद केल्यावर तासभर बसून कव्हरवरची नावं वाचत होता, एकेक गाणं इंटरनेटवर शोधून उतरवून घेत होता. चाचांच्या अक्षरामुळे दोन-तीन गाणी भलतीच आली होती, ती त्यानं ऐकून पुन्हा शोधली होती. सगळं त्यानं एका मेमरी कार्डावर घेऊन माझ्या फोनमध्ये घातलं. "आता अकोल्यालाही ऐक, गाडीतही ऐक," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला दिसला. मी हसले, त्याचा हात दाबला. मग कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात अर्जांचे गठ्ठे होते.

चुलत जाऊ मागच्या आठवड्यात कसल्याशा कागदासाठी सकाळीच घरी आली होती. चांदूर बाजारकडे त्यांचं शेत. घरात जुन्या कॅसेटी पडल्या आहेत का, असं तिनं विचारलं आणि त्यानं दोन पिशव्या भरून दिल्या. कशाला हव्या होत्या ते त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तो लक्षात ठेवण्याच्या अवस्थेत नव्हता. दुकानाच्या पायरीवर वीस माणसं बसली होती.

मी कपाट लावून घेतलं. सोमवारी गाडीत बसल्यावर कानात वायर घातली.

गाणी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की तबल्याच्या मागे आणखी एक वाद्य आहे हे मला पहिल्यांदा कळलं. पण बडनेरा सुटेपर्यंत मी सात गाणी बदलली होती. अंगठ्याखाली पुढचं गाणं होतं, त्याच्या पुढचं होतं, आणि हे संपेस्तोवर थांबायचं कारण काहीच नव्हतं. मूर्तिजापूरला चहाला गाडी थांबली तेव्हा निम्मं कार्ड मी नुसतं चाळून टाकलं होतं, पुरं ऐकलं एकही नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, काही हरवलं का? मी सारखी फोनकडे बघत होते म्हणून.

एक गाणं तर शेवटाकडे मला ओळखूच येईना. माझ्या कॅसेटीत ते बाजूच्या शेवटी होतं. दुसरं कडवं संपून वाद्यं उठायची आणि खट्कन टेप थांबायचा, कारण तिथं फीतच संपत होती. बारा वर्षं मला ते गाणं तेवढंच माहीत. आता कानात तिसरं कडवं सुरू झालं. त्यात नायिका समजुतीच्या गोष्टी करत होती. माझ्या गाण्यातली बाई कधी समजून घेणारी नव्हती, ती वाद्यं उठली की निघून जायची. मला ते कडवं आवडलं नाही, आणि आता ते ऐकलं नाही असंही करता येत नव्हतं.

असे तीन आठवडे गेले. वर्गात मी मुलींवर विनाकारण खेकसू लागले. खोलीत संध्याकाळी स्वयंपाक करता करता गाणं लावायचे, ते पुरं व्हायच्या आत दुसरं, मग गॅस बंद करून गच्चीवर चकरा. शेवटी एका रविवारी मी नवऱ्याला सांगितलं की मला कॅसेटी परत हव्या आहेत.

त्यानं पेपर खाली ठेवला. "गाणी सगळी आहेत ना? एकही कमी नाही."

"आहेत."

"मग गेलं काय?"

मी रिकाम्या टेपचं झाकण उघडलं, मिटलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही, पेपर उचलला. पण तो वाचत नव्हता हे दिसत होतं. दोन महिन्यांच्या त्याच्या कष्टावर मी पाणी ओतलं होतं आणि कशापायी ते धड सांगतही नव्हते. आज लिहितानाही मला वाटतं, तो आपल्या जागी बरोबर होता. फक्त गाणी आणि कॅसेट या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटायच्या, आणि त्याला एक.

दसऱ्याच्या सुट्टीत मी एकटीच निघाले. चांदूर बाजारपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप. जीपमध्ये मी मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसले होते आणि दर फाट्यावर ड्रायव्हरला विचारत होते, आलं का. जावेच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, ती वावरात आहे, पाखरं राखायला.

त्यांच्या वावरात पूर्वी संत्र्याची बाग होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तिथं गेले होते तेव्हा झाडांखालून वाकून चालावं लागलं होतं. मग विहिरीचं पाणी खाली खाली गेलं, दोन वेळा बोअर मारून फुफाटा निघाला, झाडं वाळली, आणि ती तोडून विकावी लागली. चुलत दीर आता परतवाड्याला आरा मशीनवर कामाला होते, आठवड्यातून एकदा येत. जावेनं एकटीनं त्या मोकळ्या तुकड्यात ज्वारी पेरली होती, घरच्या खाण्यापुरती.

बांधावर पोचायच्या आधीच मला आवाज आला. भुंगा अडकल्यासारखा, मध्येच चढणारा, मध्येच विरणारा. मग दिसलं. ज्वारीच्या वरून, बांबूच्या काठ्यांना बांधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅसेटीच्या फिती ताणलेल्या होत्या. दहा-बारा ओळी. उन्हात चमकत होत्या, वाऱ्यानं थरथरत होत्या. त्या थरथरण्याचाच तो आवाज.

मी उभी राहिले ते राहिलेच. त्यातली कुठली फीत कुठल्या कॅसेटीची, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

जाऊ ज्वारीतून बाहेर आली. माझ्याहून ती दहा वर्षांनी मोठी, उन्हानं रापलेली, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, फितींकडे पाहिलं आणि हातातला विळा खाली ठेवला.

"काऊन वो, एकाएकी? तुह्या नवऱ्यानं ह्या कॅसेटा द्याले नव्हत्या पाहिजेत काय?"

मी म्हटलं, तसं काही नाही, सहज आले. ती माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघत होती. तिनं मला निंबाच्या सावलीत बसवलं, घागरीतलं पाणी दिलं. मग सांगत राहिली. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची, पाखरं थोडी इथं, थोडी तिथं खायची, कुणाला जाणवायचं नाही. आता गावभर सोयाबीन आणि कपाशी. एकट्या तिचीच ज्वारी, म्हणून आजूबाजूच्या पाच गावची पाखरं तिच्याकडे. पहिल्या वर्षी दिवसभर गोफण फिरवून खांदा गेला. माहेरी कुणीतरी कॅसेटीच्या फितीची युक्ती सांगितली. फितीला पीळ द्यावा लागतो, सरळ बांधली तर वाजत नाही. यंदा पाखरू बसलंच नाही.

"तुह्या गाण्याच्या होत्या ह्या मले ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "लागत असतीन तं काढून देतो मी. पण पंधरा दिवस राहू दे. दाना भरून राह्यला."

ती खरंच काढून देणार होती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. आणि मी हो म्हणाले असते तर तिनं पुन्हा गोफण उचलली असती. मी म्हटलं, राहू द्या, जाऊबाई. हे बोलताना मी फार उदार वगैरे नव्हते. आत नुसती चडफडत होते. इतक्या लांब येऊन भांडायलाही कुणी नव्हतं.

निघताना तिनं घरातून एक पिशवी आणली. न उलगडलेल्या अकरा कॅसेटी तिच्यात होत्या, पुढच्या ओळींसाठी ठेवलेल्या. त्या तिनं माझ्या पिशवीत ओतल्या. जीपची वाट बघताना मी एकेक काढून पाहिली. सात चाचांच्या, दोन भजनाच्या, आणि दोन इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या.

दिवाळीनंतर अकोल्याला गेले तेव्हा चाचांचं दुकान शोधलं. पाटी बदलली होती. काउंटरवर त्यांचा मुलगा लोकांची कार्डं घेऊन गाणी भरून देत होता, आणि चाचा कोपऱ्यात स्टुलावर बसून होते. त्यांनी मला ओळखलं नाही, पण मी कव्हर दाखवलं तर स्वतःचं अक्षर ओळखलं. मी विचारलं, तबकड्या आहेत का अजून? आहेत म्हणाले, पण उतरवायचं मशीन बंद पडलं आहे आणि दुरुस्त करणारा राहिला नाही. कोऱ्या कॅसेटीही येत नाहीत. मग म्हणाले, "बेटा, अब तो जैसा मिलता है वैसा सुनो."

मी सात कॅसेटी अकोल्याच्या खोलीवर नेल्या, टेपही नेला. रोज एक. बाजू संपेपर्यंत बसायचं. पहिल्या महिन्यात ते जमलंच नाही. अंगठा आपोआप हलायचा, हाताखाली काही नसताना. चौथ्या गाण्याला मी उठून खिडकीपाशी जायचे, परत यायचे. सवय मोडायला फार दिवस लागले, आणि पुरती मोडली असं आजही म्हणवत नाही. नवऱ्यानं दिलेलं कार्ड मी काढून टाकलं नाही. त्याच्यासोबत कुठं जाताना तेच लावते. तो स्वतः आता त्यातली गाणी गुणगुणतो, तिसऱ्या कडव्यासकट.

पुढच्या भाद्रपदात जावेचा फोन आला. मागच्या वर्षीच्या फिती उन्हानं तुटून गेल्या होत्या. तिनं घरचं विचारलं, दुकानाचं विचारलं, मग जरा अडखळत म्हणाली की कुणाकडे टाकाऊ कॅसेटा पडल्या असतीन तं पाहशील.

मी चाचांकडे गेले. न खपलेल्या कॅसेटी मागच्या खोलीत गोणीत भरून ठेवल्या होत्या, नेणार कोण म्हणून. कशासाठी हव्यात ते मी खरं सांगितलं. ते स्टुलावरून उठले. मग मुलाला म्हणाले, "दे दे. ज्वार तो बचेगी."

ती गोणी शनिवारी एसटीच्या टपावर टाकून अमरावतीला आणली. रविवारी घराच्या ओट्यावर पालथी घातली आणि निवडत बसले. ही नको द्यायला, ही पण नको. तासाभरात माझ्या बाजूचा ढीग मोठा झाला. नवरा आतून चहा घेऊन आला, दोन्ही ढिगांकडे बघत उभा राहिला. मग खाली बसला आणि तोही कव्हरं वाचू लागला. मधून मधून एखादी माझ्यापुढे धरून भुवया वर करी. शेवटी आठ ठेवल्या. बाकीच्या परत गोणीत भरल्या.

या वेळी आम्ही दोघं गेलो. त्यानं दुकानावर उद्या या अशी पाटी लावली होती. ज्वारी कमरेएवढी होती, आत्ताच फिती बांधायची घाई नव्हती, पण जाऊ म्हणाली, दोन ओळी बांधून पाहू, माणसं आहेत तोवर. मी कॅसेट फोडत होते, ती पीळ देत होती, आणि नवरा काठ्यांवर गाठी मारत होता. पहिली ओळ नीट वाजेना. जावेनं ती सोडून पुन्हा बांधायला लावली.