सतरा नंबरच्या प्लॉटखालची विहीर

प्लॉट दाखवायला निघाला की त्रिंबकच्या तोंडाला दम नसायचा. “ताई, रस्ता नकाशात तीस फुटी हाय, जाग्यावर चोवीसच भरतो. अन् त्या कारखान्याचा वास येतो बरं का, रोज नाय, वारा फिरला की.” पैठण रोडला त्याचं एका शटरचं ऑफिस. भिंतीवर एजंटच्या सरकारी नोंदणीचा कागद फ्रेम करून टांगलेला. गिऱ्हाइकापासून काही लपवायचं नाही, असा त्या नोंदणीचा नियमच आहे. पण त्रिंबक नियम यायच्या आधीपासून तसाच. बाकीचे एजंट त्याला हसायचे, अन् गिऱ्हाईक त्याच्याकडं वळलं की जळायचे.

असल्या माणसाला त्या आठवड्यात खुर्चीत बसवेना. चहा मागवायचा अन् तसाच निववायचा. शटर अर्धं ओढायचा, परत वर करायचा. कारण एकच, वच्छलाबाई.

वच्छलाबाई गंगापूरकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच रिटायर झालेल्या. तीस वर्षं क्वार्टरमध्ये काढली बाईनं. आता स्वतःच्या दारात तुळस लावायची, एवढीच काय ती हौस. जमिनी घेऊन प्लॉट पाडणाऱ्या तात्यासाहेबांच्या नव्या प्लॉटिंगमधला सतरा नंबर त्यांना आवडला, कोपऱ्याचा. त्यांनी कागद दोनदा वाचले, नाली कुठून जाणार ते विचारलं, अन् शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, “त्रिंबकभाऊ, अजून काही सांगायचं राहिलं का?”

“काय नाय, ताई.”

बोलून गेला, अन् तिथंच फसला. सतरा नंबरखाली विहीर होती! लहानपणी त्या रानात त्रिंबकच्या घरची मेंढरं बसायची, त्या विहिरीचं पाणी तो ओंजळीनं प्यायला होता. जमीन घेतल्यावर तात्यासाहेबांनी दगडगोटे अन् जुन्या भिंतींचा मलबा टाकून ती बुजवली, वर मुरूम फिरवला. सातबाऱ्यावर तिची नोंद कधी नव्हतीच. कागदावर नाय तर सांगायचं बंधन नाय, अशी त्रिंबकनं मनाची समजूत घातली. अन् खरं सांगायचं तर पुढचा सगळा टप्पा तात्यासाहेब त्यालाच विकायला देणार होते. पण असल्या भरावावरचं घर आज ना उद्या खचणार, भिंती फाटणार, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाईच्या आयुष्याची कमाई त्या खड्ड्यात जाणार, अन् नेऊन टाकणारा आपण.

रजिस्ट्रीच्या आधी शनिवारी वच्छलाबाईंनी प्लॉटवर नारळ फोडायचं ठरवलं. फोनवर म्हणाल्या, “तुमच्या आईंना आणा. जुन्या माणसाचा हात लागू द्या.”

आईचे गुडघे दुखतात, असं सांगून बघितलं त्रिंबकनं. पण बानाबाई कसली ऐकते! लेकाच्या आधी गाडीत बसून मोकळी. “लई दिसांत तिकडचं रान बघितलं नाय,” म्हणाली.

प्लॉटवर उतरून म्हातारीनं समोरची टेकडी बघितली, बांधावरचा कडुनिंब बघितला. चार पावलं चालली, थांबली, अन् पायातल्या चपला काढून तिनं जमिनीला हात लावला.

“काय झालं, आई?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“हितं आमची हीर व्हती, बाई. ह्यो त्रिंबक झाला तवा बाराव्या दिशी मी हीच हीर पुजली. आता बुजवली म्हना, पर पाय कसा द्यावा?” मग हसून म्हणाली, “ह्यानं सांगितलं आसंलच की तुमाला. ह्याच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय!”

वच्छलाबाईंनी त्रिंबककडं बघितलं. ‘आई विसरते, ताई. ती विहीर पलीकडच्या रानात होती.’ वाक्य जिभेवर आलं होतं. म्हटलं असतं तर खपूनही गेलं असतं. पण आई चपला हातात घेऊन उभी होती.

“नाय सांगितलं,” तो म्हणाला. “हाय ती. हितंच हाय. चुकलं माझं, ताई.”

“मी विचारलं होतं तुम्हाला,” वच्छलाबाई एवढंच बोलल्या. नारळ पिशवीत परत ठेवला अन् रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. परतताना बानाबाई लेकाशेजारी न बसता मागच्या सीटवर बसली.

त्या दिवसापासून त्रिंबक भेटेल त्याला विहीर सांगत सुटला. तात्यासाहेब भडकले, पुढचा टप्पा दुसऱ्याला दिला. सतरा नंबर कुणी घेईना, शेवटी तात्यासाहेबांना नकाशात तिथं बागेची जागा दाखवावी लागली. तरी त्रिंबकला चैन पडत नव्हतं. ते ‘काय नाय, ताई’ कानातून जात नव्हतं.

चार महिन्यांनी वच्छलाबाई ऑफिसच्या दारात उभ्या! त्रिंबक धडपडत उठला, खुर्ची पुसली, चहा सांगितला.

“चहा नको,” त्या म्हणाल्या. “प्लॉट बघायचेत. आधी घरी चला, आईंना गाडीत घ्या.”

म्हातारी पुढं बसली, वच्छलाबाई मागं. रस्त्यानं त्रिंबक वासाचं, नालीचं, रस्त्याच्या रुंदीचं एकसारखं सांगत होता. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, अन् म्हणाल्या, “आई, खरं आहे का हे?”