अक्कांची रविवारची तालीम

अक्का गेल्याची बातमी मला घरातल्या कुणी दिली नाही, मोमिनाने दिली. दुपारचे अडीच वाजले होते. मी खालच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत होते आणि ही वरच्या मजल्यावरून मला फोन करत होती. "दीदी, अक्का उठ नहीं रही..." मी त्यांची सख्खी जाऊ, बसवनगुडीत तीस वर्षं एका घरात वर-खाली राहिलो, आणि कळलं ते व्हाइटफील्डहून कागद दाखवायला आलेल्या बाईकडून. आता दीड महिना होत आला. लोक विचारतात, कशा होत्या हो तुमच्या जाऊबाई? खरं सांगू का, डोक्याला ताप होत्या. माझा जीव होता त्यांच्यावर, पण ताप होत्याच.

जायच्या सहा दिवस आधी त्यांची हृदयाच्या डॉक्टरांकडे तारीख होती. ती त्यांनी चुकवली, कारण त्याच दिवशी मोमिनाची तारीख होती. मोमिना आणि तिचा नवरा रफीकुल बंगालमधले, मुर्शिदाबादकडचे. व्हाइटफील्डच्या उंच इमारतींच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. ती चार घरची भांडी-लादी करते, तो कचरा वेगळा करायचा. 'करायचा' म्हणते, कारण बांगलादेशी असल्याच्या संशयावरून त्याला पोलिसांनी उचलून नेलं आणि गावाकडून पडताळणी येईपर्यंत ठेवून घेतलं. आता गावाकडून काय येणार, कप्पाळ! त्याच्या कागदावरचं गाव नदीने गिळलंय. काठ ढासळत गेला, घर गेलं, शाळा गेली, पंचायतीची कचेरीसुद्धा पाण्यात गेली. पत्ता खरा आहे, पण त्या पत्त्यावर गाव नाही. तर त्या दिवशी अक्का डॉक्टर सोडून मोमिनाबरोबर कचेरीत गेल्या, चार तास बाकावर बसल्या आणि मग कुणीतरी सांगितलं की साहेब बंदोबस्ताला गेलेत, पुढची तारीख घ्या. मी घर डोक्यावर घेतलं. अक्का म्हणाल्या, "सरी बिडू शैला, सोड गं, डॉक्टर कुठे पळून जातोय?" डॉक्टर नाही पळाला. त्याच गेल्या.

हे खूळ शिरलं ते निवृत्तीनंतर. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून झालं होतं, आता निवांत बसावं की नाही? भाचीच्या फ्लॅटवर चार दिवस राहायला गेल्या आणि तिची कामवाली दोन दिवस आली नाही. अक्का शोधत गेल्या, तर ती चौकीत बसलेली. "तिला कन्नडमध्ये विचारलं, ती बंगालीत बोलली, आणि कागदावर लिहिलं की उत्तर देत नाही! ही काय पद्धत झाली?" घरी येऊन हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी हात जोडले. मग दहाबारा बायका जमवल्या. संघटना म्हणावी तर नाव नाही, बोर्ड नाही. मागण्या तीनच. उचलायचं तर कारण लेखी द्या, विचारायचं तर कळेल अशा भाषेत विचारा, कागद आणायला मुदत द्या. ते निवेदन घेऊन त्या किती कचेऱ्यांत गेल्या देव जाणे. प्रत्येक ठिकाणी "स्वल्प इरी अम्मा," जरा थांबा, असं म्हणत बसवून ठेवायचे.

आणि दर रविवारी दुपारी आमच्या वरच्या मजल्यावर तालीम. बायका मेट्रोने यायच्या, अक्का जेवणाचं टेबल मधे ओढायच्या, एका बाजूला बाई बसायची आणि दुसऱ्या बाजूला साहेब. साहेब कोण? मी! मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर म्हणाल्या, "न जमायला काय झालं? तू नुसतं नेहमीसारखं बोल." ऐकून घेतलं मी. मग काय, सुटलेच. "नाव? बापाचं नाव? गाव कुठाय? नदीत? मला मूर्ख समजतेस?" टेबलावर हात आपटायचे. पहिल्या रविवारी मोमिना रडली, तिसऱ्या रविवारी नजर वर करून बोलली, पाचव्या रविवारी तिने मलाच दरडावलं, "चिल्लाइए मत, लिखिए." अक्कांनी टाळ्या वाजवल्या.

एकदा त्यांनी आम्हाला उलटं बसवलं. मोमिना साहेब झाली आणि मी अर्जदार. तिने माझा जन्माचा दाखला मागितला. त्यावर नाव शकुंतला, आधारवर शैला, कारण लग्नात नाव बदललं. "दोनों एक ही औरत है, कागज दिखाओ," मोमिना म्हणाली. अहो, तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव ते, त्याचा कसला कागद! बायका हसून हसून लोळल्या. मला नाही हसू आलं. साठ वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं आणि मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

तर अक्कांचे दिवस झाले आणि चौथ्या दिवशी मोमिनाची पुढची तारीख आली. गेले मी. दुसरं कोण जाणार? रिक्षात तिचा हात धरून म्हटलं, माझ्यापेक्षा वाईट साहेब या शहरात नाही, घाबरू नकोस. आत गेलो, तर साहेब उठून उभे राहिले! "बन्नी अम्मा, कूतकोळ्ळी," या, बसा. पाणी मागवलं. मोमिनाला बेटी म्हणाले. नदीची हकीकत ऐकून च्च-च्च केलं, म्हणाले, माझ्या आजोळीही पूर येतो. मोमिनाने सगळं नीट सांगितलं, एकदाही अडखळली नाही. मग त्यांनी एक कागद हळूच पुढे सरकवला. "बस, साइन कर दो बेटी. इससे जल्दी होगा." आणि ज्या बाईने मला दरडावलं होतं, तिने "जी साब" म्हणून पेन उचललं.

कागद कन्नडमध्ये. माझं कन्नड बोलायला फर्डं, वाचायला बसच्या पाटीपुरतं. मी चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत बसले. साहेब हसत होते, "अम्मा, टाइम लगेगा." शेवटच्या ओळीत 'आक्षेपणे इल्ल' दिसलं आणि मी मागे जाऊन परत वाचलं. माझ्याकडे राहत्या पत्त्याचा पुरावा नाही, पुढील कारवाईस हरकत नाही... मी कागद उचलला आणि माझ्या आवाजात ओरडले. खराखुरा साहेब दचकला. सही झाली नाही. कागद मात्र त्यांनी परत घेतला आणि त्याच गोड आवाजात पुढची तारीख दिली.

बाहेर पायरीवर मोमिनाने विचारलं, "साइन करती तो वो आज घर आता?" मी म्हटलं, नाही. पण मला तरी काय ठाऊक?

घरी आले ती अक्कांवर संतापून. अहो अक्का, कुणी कागद आणला की तो तुम्ही स्वतः वाचायच्या. बायकांनी नुसता तुमच्या हातात द्यायचा. उत्तरं द्यायला शिकवलंत, वाचून घ्यायला नाही शिकवलंत. आणि आम्ही दोघी शहाण्या ओरडणाऱ्या साहेबाची तयारी करून घेत बसलो! गोड बोलणारा येईल हे सुचलं नाही आपल्याला. डॉक्टरकडे गेला असतात तर निदान या घोडचुकीबद्दल तुमच्याशी भांडता तरी आलं असतं. आता भांडू कुणाशी?

रफीकुल अजून आलेला नाही. काल रविवार होता. बायका आल्या, टेबल मीच ओढलं. पाण्याचा तांब्या ठेवला, चेहऱ्यावर हसू आणलं. माझ्या चेहऱ्याला सवय नाही त्याची, गाल दुखले. "आओ बेटी, बैठो. पानी लो. कितनी तकलीफ हुई तुमको... बस, यहाँ साइन कर दो." मोमिना पाणी प्यायली, तिने भांडं खाली ठेवलं, कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"पहले पढ़के सुनाइए," ती म्हणाली. "पूरा."