मोहफुलांचा खिसा

टेलर म्हटला की थोडंफार कापड मारणारच, अशी लोक थट्टा करतात. सावली गावच्या मुबीन टेलरबद्दल मात्र तसं बोलायची कोणाची टाप नव्हती. तीस वर्षं मशीन चालवली, पण गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा त्याने ठेवून घेतली नाही. शिवलेल्या कपड्यासोबत उरलेल्या कातरणाची पुरचुंडी तो हातात द्यायचा. अशा माणसाने चोरावं काय, तर खिसा.

खिसा होता रुखमाबाईचा. जंगलाकाठच्या गावची ही म्हातारी दर उन्हाळ्याआधी नवऱ्याचा जुना सदरा घेऊन यायची आणि पोटावर भलामोठा खिसा लावून घ्यायची. त्याचं बूड बटणांचं. मोहफुलं वेचायची, वरून टाकायची, आणि खिसा भरला की टोपलीवर वाकून खालची बटणं काढायची. फुलं आपोआप टोपलीत. ही अक्कल तिची. मुबीनने फक्त शिवलं.

मागच्या वर्षी पुण्याची एक मॅडम दुकानात आली. वाघ पाहायला येणाऱ्या श्रीमंतांसाठी तिची कंपनी कोसा रेशमाची, खादीची जाकिटं काढते, पानाफुलांच्या रंगांची. खुंटीवरचा रुखमाबाईचा सदरा पाहून ती हरखलीच. "हे डिझाइन कोणाचं?"

"आमचं खानदानी आहे," असं मुबीनच्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं कसलं, चांगलं ठरवून बोलला तो. तेव्हापासून तो खिसा कंपनीच्या जाकिटांवर लागतो, प्रत्येक जाकिटाच्या आत त्याच्या नावाची इंग्रजी पट्टी असते, आणि ती शिवायचं कामही त्याच्याच नशिबी. पट्टी मशीनखाली घेतली की त्याला स्वतःची लाज वाटते.

यंदा फाल्गुनात रुखमाबाई आली. टांगलेलं जाकीट तिने लगेच ओळखलं. खालची बटणं काढून पाहिली आणि खुदकन हसली.

"माहा खिसा मोठ्या लोकाइच्या अंगावर गेला म्हन की. आतमंदी का लिवलं हाय रे?"

"तुमचं नाव हाय, बाई."

तिने पट्टीवरून हळूच बोट फिरवलं. "मंग अशी एक पट्टी दे मले. हर्षाले दाखवीन. नात माही कॉलेजात हाय, तिले वाचता येते."

पट्ट्यांचा डबा समोरच उघडा होता. संपल्या म्हणता आलं असतं, पण एका लबाडीवर दुसरी चढवायची मुबीनला आता हिंमत होईना.

"खोटं बोललो, बाई. तिथं माहं नाव हाय. खिसा माहाच म्हनून सांगितलं मी त्याइले."

रुखमाबाईने जाकिटाची बटणं एकेक करून परत लावली. मग आपला सदरा शिवून होईस्तोवर बाकावर बसून राहिली. मॅडमला आजच फोन करतो, नाव बदलायला लावतो, असं मुबीन दोनदा म्हणाला.

शेवटी त्याने सदरा घडी करून दिला आणि सवयीने कातरणाची पुरचुंडी पुढे केली.

सदरा तिने घेतला.

"हे बी ठेव तुलेच," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.